मामाजी गाडी ठोकून पाहतात

कुठलीही वस्तू ठोकून पाहिली की ती आपलं दुखणं आपणच सांगते, असं मानणारा माणूस साऱ्या रायपुरात एकच असेल, आणि ते माझे मामेसासरे, सासूबाईंचे धाकटे भाऊ. रेल्वेत त्यांचं काम असं होतं, की गाडी उभी राहिली की लांब दांड्याच्या हातोडीनं एकेक चाक ठोकायचं आणि कान देऊन ऐकायचं. चाक खणखणीत वाजलं तर गाडी पुढे, बद्द वाजलं तर थांब. नोकरी संपली, लांब हातोडी रेल्वेकडे राहिली, ठोकायची सवय ते घरी घेऊन आले. आता त्यांच्या कापडी पिशवीत चष्म्याच्या डबीशेजारी एक लहान हातोडी असते. टरबूज, सिलिंडर, पलंगाचा पाय, काही सुटत नाही. पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत कोणी नवा माठ आणला की आधी त्यांच्यापुढे ठेवतात. एकदा सासूबाईंचा गुडघा दुखत होता, तर बोटाच्या पेरानं त्यांनी तोही वाजवून पाहिला. "बाई, हाड पास हाय. तेल लाव," म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "मेल्या, मी मालगाडी व्हय का?"

माझ्याशी मात्र ते कधी सरळ बोलले नाहीत. मामेसासऱ्यापुढे सुनेनं पदर घ्यावा, बोलू नये, आणि त्यांनीही तिच्याशी दुसऱ्याकरवी बोलावं, अशी आमच्याकडे जुनी रीत. आता कोणी पाळत नाही. मी मुळातच लाजरी, मला ती सोयीची पडली. आणि मामाजी ती रेल्वेच्या नियमासारखी पाळत. घरात कोणी असलं तर म्हणत, "सूनबाईले सांगा, चहात साखर कमी." कोणी नसलं तर हेच ते अंगणातल्या तुळशीला सांगत. बावीस वर्षं मी तुळशीकडून निरोप घेतले. गेल्या वर्षा-दोन वर्षांत ते तुळशीलाही ओरडून सांगू लागले होते. त्यांच्याकडे टीव्ही लागला की साऱ्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, बातम्या कळायच्या. आणि वर त्यांचीच तक्रार, "आजकाल सारे छातीत बोलतात, तोंडातून कोणी बोलतच नाही." आम्ही हसायचो. त्याचा अर्थ काय, हे मलाही तेव्हा सुचलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांनी एक जुनी गाडी घेतली, ती सासूबाईंसाठी. त्यांना दर मंगळवारी तपासणीला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं, आणि ऑटोत झळा लागून त्या दोनदा चक्कर येऊन पडल्या होत्या. गाडी पास केली अर्थात मामाजींनी. पंडरी भागात, विकणाऱ्याच्या दारात त्यांनी चारही चाकं वाजवली, दारं वाजवली, बोनट वाजवलं, जाता जाता विकणाऱ्याची खुर्चीही वाजवली आणि ह्यांना म्हणाले, "घेऊन टाक. खुर्ची फेल हाय, गाडी पास हाय." आणि पहिल्याच मंगळवारी एसीनं दगा दिला. मोठ्या रस्त्यावर गारेगार, आणि सदर बाजारात अडकलो की नुसती गरम फुंकर. सासूबाईंचा चेहरा उतरला, त्या माझ्या खांद्यावर कलल्या. वाटेत एका मिस्त्रीला विचारलं, त्यानं बोनट न उघडताच सांगून टाकलं, "कंप्रेसर गया, भैया." विकणारा रविवारपर्यंत गाडी परत घ्यायला तयार होता. हे म्हणाले, देऊन टाकू. म्हणजे सासूबाई पुन्हा ऑटोत. मामाजींनी ऐकलं आणि जेवण टाकून आले. "मी पास केलेली गाडी आजवर वापस नाही गेली," म्हणाले.

मला एक गोष्ट मात्र सारखी टोचत होती. मागच्या सीटवर बसून मला काम एकच होतं, सासूबाईंच्या कपाळाकडे पाहणं. गाडी पळायची तेव्हा ते कोरडं. थांबली की मिनिटाभरात घामाचे थेंब. पुन्हा पळाली की पुन्हा कोरडं. कंप्रेसर मेला असेल तर गाडी पळताना तो जिवंत कसा होतो? पळताना समोरून वारा लागतो, ते खरं. मग गाडी उभी असताना तो वारा कोण देतं? ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "पुढे जाळीच्या मागं एक पंखा असते." एवढं बोलले आणि माझ्याकडे पाहतच राहिले.

शनिवारी दुपारी अंगणात गाडी चालू करून एसी लावला. हे आत बसले. मामाजींनी बोनट उघडलं. पंखा अशा अंधाऱ्या खोबणीत, की पातं दिसेना. ते वाकले, कान जाळीपाशी नेला, डोळे मिटले. "फिरून राहिला," म्हणाले. "मले साफ ऐकू येऊन राहिला. तुले काहून नाही येत?" मामाजींच्या कानावर शंका घ्यायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती. मी तुळशीपाशी उभी होते. मला इंजिन ऐकू येत होतं, आतली हवा ऐकू येत होती. पंखा नव्हता. पण बोलणार कशी? समोरच्या तुळशीतली अगरबत्ती मी उचलली, गाडीला ओवाळल्यासारखं केलं आणि पुढच्या जाळीत खोचून दिली. वारा अगदी पडलेला होता. पंखा फिरत असता तर धूर आत ओढला गेला असता. धूर सरळ वर चालला.

मामाजींनी डोळे उघडले. धुराकडे पाहिलं. जन्म रेल्वेत गेलेला माणूस, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा मला कळलं, की मामाजींना ऐकू आलेला पंखा त्यांच्या आठवणीतला होता. मी पदर पुढे ओढला आणि खाली पाहिलं. त्यांनी सावकाश पिशवीतून हातोडी काढली, उलटी धरली, आणि दांड्यानं पंख्याच्या मोटरला जपून दोन ठोके दिले. मग आणखी एक दिला. त्या तिसऱ्या ठोक्याला धूर वाकला आणि जाळीत शिरला. थोड्या वेळानं आतून हे म्हणाले, "थंडी आली, मामाजी." मामाजींनी ते ऐकलं नसावं, ते धुराकडेच पाहत होते. "गाडी पास हाय," म्हणाले. "मोटर झोपली होती."

मोटर नवी बसवली. मंगळवारी सदर बाजारात अर्धा तास अडकलो, आणि सासूबाई चक्क घोरल्या.

आता दर मंगळवारी निघायच्या आधी मामाजी येतात. बोनट वाजवतात, जाळीला कान लावतात. मी अगरबत्ती आधीच खोचून ठेवलेली असते. पण ते आता धुराकडे पाहत नाहीत, तुळशीकडेही नाही. दाराकडे वळून मलाच विचारतात, "फिरून राहिला का, सूनबाई?" बावीस वर्षांनी सरळ विचारतात. मी तोंडानं बोलले तर त्यांना ऐकू जाणार नाही, म्हणून मान हलवते, जरा मोठी, त्यांना दिसेल अशी.