बुर्गीच्या घराला धुराडं नको

बुर्गी फेसलरनं सत्तरीला टेकल्यावर घर बांधायला काढलं, तेव्हा गावातल्या पुरुषांना एकाएकी तिच्या थंडीची काळजी लागली. त्याआधी कुणाला लागली नव्हती. शाळेत जायच्या आधीपासून ती लाकडं वाहत होती. मग एकतीस वर्षं खाणावळीत स्वयंपाकीण, म्हणजे आधी भट्टी पेटवायची आणि मग बाकीचं जग उठवायचं. डावा हात आता खांद्याच्या वर जात नाही. केस विंचरायचे तर मान खाली घालून विंचरावे लागतात. पण इतक्या वर्षांत एकानंही विचारलं नाही, की बाई, तुझी पाठ दुखते का.

आमच्या खोऱ्यात भट्टी म्हणजे साधी चूल नव्हे. बैठकीचा कोपरा अडवून बसलेलं, हिरव्या फरश्यांनी मढवलेलं, चार गाईंच्या वजनाचं धूड असतं ते. तिच्याभोवती लाकडी बाक. बाकावर पुरुष. लाकडं आणायला बाया. हा कायदा कुणी लिहून ठेवलेला नाही, म्हणून तो मोडायचा कुठून, तेही कुणाला कळलं नाही. बुर्गीचा नवरा त्याच बाकावर बसल्या बसल्या गेला. ती मागं लाकडं आणायला गेली होती. पाटी घेऊन आत येते तर भट्टी गरम आणि माणूस गार. तिनं आधी पाटी खाली ठेवली.

जुनं घर तिनं मुलाला देऊन टाकलं आणि मागच्या तुकड्यावर स्वतःपुरतं दोन खोल्यांचं उभं केलं. सुतारांनी हातभर जाडीच्या भिंती घेऊन त्यात भुसा ठासला, तीन-तीन काचांच्या खिडक्या बसवल्या. दाराला मोठा पंखा लावून हवा कुठून शिरते ते बघितलं, तर कुठं फट म्हणून सापडली नाही. आता एवढंच ठरायचं होतं, की हे घर तापवायचं कशानं. आणि ते गुरुवारच्या आत ठरायला हवं होतं, कारण गुरुवारी कोबा पडणार होता. कोब्याखाली एक तर गरम पाण्याचे पाइप जाणार, नाही तर भट्टीचा पाया आणि त्याच्या डोक्यावर छपराला भोक. एकदा कोबा पडला की पुन्हा फोडाफोडी नाही.

बुर्गीला भट्टी नको होती. एकही लाकूड पुन्हा उचलायचं नाही, एवढ्याचसाठी तिनं घर बांधलं होतं.

पण तिचा दीर पिर्मिन हा भट्ट्या बांधणारा. बाप बांधायचा, आजा बांधायचा. गेल्या चार वर्षांत ह्याला लोकांनी फरश्या चिकटवायलाच तेवढं बोलावलं, तरी ऐट तीच. त्यानं न विचारता जागा मोजली आणि सुतारांना परस्पर सांगून टाकलं, छपराला भोक पाडा म्हणून. सुतारांनी करवत काढली, तेव्हा बुर्गी शिडीखाली जाऊन उभी राहिली.

"वहिनी, भट्टीबिगर घर म्हंजे काय? खोकं. बुटाचं खोकं."

"मग बूट घाल आन नीघ."

सुताराची पोरगी रेगुला शहरातून इंजिनिअर होऊन आली होती. हिशेबाची चाळीस पानं घेऊन आली आणि आल्या आल्या वाचायलाच लागली. बुर्गीनं तिला तिसऱ्या पानावर थांबवलं.

"पोरी, मरायच्या आत ऐकून होईल असं सांग."

"काकू, कडाक्याच्या थंडीतही ह्या घराला दोन इस्त्र्यांएवढी उष्णता पुरे. पिर्मिनकाकांची भट्टी आठ इस्त्र्यांची आहे. तुम्ही उकडून निघाल. छोटा हीट पंप घ्या. बाहेरच्या हवेतली ऊब ओढतो आणि पाइपात सोडतो."

"बाहेर उणे बारा हाय!" पिर्मिन टेबलावर हात आपटून ओरडला. "कसली ऊब? बर्फ पिळून काढणार व्हय?"

"लहान भट्टी बांध मग," बुर्गी म्हणाली.

"लहान? फेसलरच्या हातची लहान भट्टी? त्यापरीस कुत्र्याला घरटं बांधीन."

पिर्मिननं मग सरपंच एगोनला आणलं. एगोन परंपरेवर बोलला. त्याच्या स्वतःच्या घरी गॅस आहे आणि भट्टी पाहुण्यांना फोटो काढायला ठेवलेली आहे, हे अख्ख्या गावाला ठाऊक, पण बोलताना त्याला ते आठवत नाही. त्याच्या मागोमाग धुराडी झाडणारा थेओ आला. तो निदान खरं बोलला. "बुर्गी, धुराडंच नसलं तर मी वर्षाला काय झाडू? तुझं डोकं?"

"माझ्यात काजळी न्हाई. सरपंचाचं डोकं झाड, सा महिने पुरंल."

शेवटी बुर्गी म्हणाली, "मंगळवारी दुपारी जेवायला या. नव्या घरात. काय ते तिथंच ठरवू."

आणि इथं तिघांनी अशी चूक केली, जी आमच्याच खोऱ्यातला माणूस करील. फेब्रुवारी महिना, घर नवं, आत विस्तवाचा पत्ता नाही. म्हणजे आत काय असणार, हे ज्याला त्याला जन्मापासून माहीत. पिर्मिन दोन लोकरी स्वेटर, वर जाड बनातीचं जाकीट आणि कानटोपी घालून आला. एगोननं आजोबांचा केसाळ कॉलरचा कोट पेटीतून काढला होता. थेओनं आत किती थर चढवले होते, ते देवाला ठाऊक. चालताना त्याचे गुडघे वाकत नव्हते.

"दार लावा," बुर्गी म्हणाली. "गोठ्यात आलाय का?"

फळी टाकून केलेल्या टेबलाशी सगळे बसले. बर्फावरचं दुपारचं ऊन दक्षिणेच्या खिडक्यांतून थेट पाठीवर पडत होतं. विजेच्या शेगडीवर बुर्गी कांदा तळत होती. पिठाचे गोळे चीजमध्ये घोळवून तिनं लाकडी परात मधोमध ठेवली, आणि तिघं खाता खाता परंपरेचं रक्षण करायला लागले.

पहिल्यांदा थेओच्या नाकावर घाम आला. त्यानं तो चीजच्या वाफेवर ढकलला. मग टोप्या उतरल्या. मग एगोननं, जणू काही खाताना कॉलर आड येतो म्हणून, आजोबा खुर्चीच्या पाठीवर टाकले. उकडतंय असं कुणी म्हटलं नाही, कारण पहिला म्हणेल तो हरेल. पिर्मिननं सगळ्यात जास्त दम धरला. तोंड उकडलेल्या बिटासारखं झालं, तरी जाकिटाचं वरचं बटण लावलेलं.

"लाकडाची ऊब हाडात उतरती, वहिनी," तो सांगत होता. सांगता सांगता उठला. "यंत्राची ऊब वरवरची. माणसाला आतून कशी धग पायजे..." असं म्हणत खिडकीपाशी गेला, मूठ फिरवली आणि खिडकी सताड उघडली.

मग त्याच्या लक्षात आलं.

टेबलाच्या कडेला बसलेल्या रेगुलानं भिंतीवरच्या तापमापकाच्या काट्याकडं बघितलं. "सव्वीस. सकाळी सोळा होते."

"का रे पिर्मिन," बुर्गी म्हणाली, "थंडी वाजतीय?"

"जरा वारा लागावा म्हणून..."

"लागू दे की. पर भट्टी कुठाय? मला तर तीनच दिसत्यात. तिन्ही बडबड्या. लाकडं लागत न्हाईत, नुसतं खायाला लागतंय."

थेओ हसला, कारण त्याला गप्प राहून आणखी घाम काढायचा नव्हता. एगोननं घड्याळात बघितलं. पिर्मिन तसाच खिडकीशी उभा राहिला. जाकीट काढावं तर हार, ठेवावं तर घेरी. मग त्याच्या तोंडून खरं काय ते बाहेर पडलं.

"तर मग मी सांजचं बसायचं कुठं?"

चाळीस वर्षं तो रोज भावाच्या घरी येऊन त्या बाकावर पाठ शेकत बसायचा. आता त्या घरात सुनेनं बाकावर कुंड्या मांडल्यात.

"खुर्चीवर," बुर्गी म्हणाली. "सगळं जग बसतंय."

"खुर्चीवर पाठ शेकत न्हाई."

"मग पाठ घरी ठेवून येत जा. चाळीस वर्षं शेकलीस. त्यात एक तरी पाटी आणलीस का?"

पिर्मिननं जाकिटाचं वरचं बटण काढलं.

बुर्गीनं रेगुलाची पानं ओढून घेतली, न वाचता शेवटचं उलटलं आणि सही ठोकली. "पाइप घाल. आन ते फोनवर तापमान बघायचं सोंग मला नको. गार वाटलं तर मला कळंल. मी अजून जित्ती हाय."

गुरुवारी कोबा पडला. सुतारांनी छपराची खूण पुसून वर फळी ठोकली. पिर्मिन आठ दिवस रुसून राहिला, मग घरनं खुर्ची घेऊन आला. अजूनही येतो. फरशीला तळवे लावतो, "कोमटच हाय" म्हणतो, आणि बूट काढून दीड तास बसतो.

गावात म्हणतात, बुर्गी आळशी झाली. सकाळी सातपर्यंत लोळते. तिला तोंडावर कुणी विचारलंच, तर ती म्हणते, "झाले की. लई उशिरा झाले, पर झाले."