तळहातावरचं कुंकू

"कै तोरिसु," कार्यदर्शी म्हणाले. हात दाखव.

मी दाखवले. दोन्ही. तळवे वर करून, बोटं जुळवून, शाळेतल्या मुलाने दाखवावेत तसे. माझी पन्नाशी उलटून गेली होती. डाव्या मनगटाला पट्टा होता, पट्ट्याला वायर होती आणि वायरचं दुसरं टोक सर्व्हरच्या लोखंडी रॅकला चिमट्याने अडकवलेलं होतं. त्यामुळे डावा हात पुरता पुढे येईना. ते पाहून मागून कुणीतरी म्हणालं, "कट्टी हाकिदारे, नोडी." बांधून ठेवलंय, बघा.

खोलीभर हसू फुटलं.

मीही हसलो. ते हसू आजही मला सलतं.

म्हैसूरमधलं एक खासगी अभियांत्रिकी महाविद्यालय. ते चालवणाऱ्या संस्थेचे हे कार्यदर्शी, म्हणजे सचिव. मी त्यांचा नोकर नव्हतो. त्यांच्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या एका लहान कंपनीत तंत्रज्ञ होतो. सर्व्हरमधला एक प्रोसेसर निकामी झाला होता आणि तो बदलायचा होता. आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, कॉलेज बंद, म्हणून तोच दिवस ठरला. आमच्या गावात त्या दिवशी शिवणयंत्रापासून बसपर्यंत सगळ्याला कुंकू लागतं, झेंडू चढतो, चाकाखाली लिंबू येतं. माझ्या स्वतःच्या पान्यांना आणि स्क्रूड्रायव्हरांनाही मी सकाळी घरी कुंकू लावलं होतं. पूजेविषयी माझी तक्रार तेव्हा नव्हती, आजही नाही.

मी सर्व्हर बंद केला. दोन्ही बाजूंच्या वीजकेबली काढल्या, बटण दाबून धरलं आणि आत उरलेली वीज जाऊ दिली. यंत्र रुळांवरून पुढे ओढलं. पट्टा बांधला, पातळ हातमोजे घातले, झाकण उघडलं. माणसाच्या अंगावर साठलेली वीज त्याला स्वतःला जाणवत नाही, पण चिप मारायला ती पुरते. पट्टा ती जमिनीत सोडून देतो. तो यंत्राच्या रक्षणासाठी असतो. माणसाच्या नव्हे. मला हे ठाऊक होतं आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नव्हता.

प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकचे स्क्रू तिरप्या क्रमाने थोडे थोडे सैल केले. जुना प्रोसेसर कडांना धरून उचलला. खाली त्याची बैठक, सॉकेट. त्यात केसाहून बारीक सोनेरी पिनांचं दाट रान. त्यांना बोट लावायचं नसतं, कापड लावायचं नसतं. नवा प्रोसेसर कोपऱ्यावरची खूण जुळवून अलगद सरळ ठेवायचा, दाबायचा नाही. तोवर पिनांवर प्लास्टिकची टोपी बसवून ठेवायची. मी ती बसवली.

तेवढ्यात पूजेची मंडळी आत आली. फाटकापाशी कोहळा फोडून झाला होता. पुढे रेशमी पंचा घेतलेले कार्यदर्शी, हातात ताट. मागे प्राध्यापक, कारकून, पुजारी आणि संगणक विभागाच्या सुधाबाई.

"नवा भाग बसवतोयस ना? मग आधी पूजा."

मी उभा राहिलो. "सर, झाकण लागलं की बाहेरून लावा. आत पिना उघड्या आहेत."

"एनप्पा, काय रे, देवाला रस्त्यावरूनच हात जोडून जायचं होय? काढ ती टोपी."

बोलणं सगळं कन्नडमध्ये चाललं होतं. मी ते माझ्या घरच्या मराठीत लिहितो आहे. जे शब्द आत रुतून बसले, तेवढे तसेच ठेवतो.

कार्यदर्शींच्या खांद्यामागे इलेक्ट्रॉनिक्सचे विभागप्रमुख उभे होते. त्यांना कळत नव्हतं असं नाही. ते हातातल्या हाराची गाठ तपासत राहिले. मी टोपी काढली. माझा हात कुणी धरला नव्हता. एकदा नाही म्हटलं होतं, दुसऱ्यांदा म्हणता आलं असतं. पण जन्मभर "हो सर" म्हणत आलेल्या माणसाची बोटं त्याच्या मनाच्या आधी हलतात. हा विचार मी पुष्कळदा केला आहे आणि दर वेळी त्याच जागी येऊन थांबलो आहे.

कार्यदर्शींनी अंगठा ओल्या कुंकवात बुडवला आणि सॉकेटच्या मधोमध टेकवला. कपाळाला लावतात तसा. जोर देऊन, वर ओढून.

"आयितु. झालं. आता बसव."

मी टॉर्च मारला. वाऱ्याने लोळवलेल्या नाचणीसारख्या पिना आडव्या झाल्या होत्या. त्यांच्या मुळाशी लाल चिखल.

"सर, आता हे बसवता येणार नाही. बोर्डच बदलावा लागेल."

कार्यदर्शींनी अंगठा पंच्याला पुसला.

"देवाच्या कुंकवाने कधी लोखंड वाकतं? तू आधीच वाकवून ठेवलंस. वय झालं तुझं. हात कापत असेल. कै तोरिसु."

मी हात पुढे केले, ते इथे. ते कापत नव्हते.

"मोजे काढ."

मी मोजे काढले. त्यांनी माझे तळवे पाहिले, मग जमलेल्या लोकांकडे पाहिलं. "बण्णगारांचा ना हा? रंगाऱ्याचा हात इतका कोरा कसा?" आणि पुन्हा अंगठा कुंकवात बुडवून माझ्या उजव्या तळहातावर दाबला. फिरवला. "ईग बंतु नोडु, बण्ण." आता आला बघ, रंग.

हसू. मोबाईल वर झाले. कुणीतरी मला म्हणालं, "इकडे बघा जरा."

माझे आजोबा खरंच रंगारी होते. वडीलही, काम चाललं तोवर. अंगणात निळीची पिंपं होती आणि सुटीच्या दिवशी मीही त्यांत हात घालत असे. शाळेत मेष्ट्रु, म्हणजे मास्तर, रोज सकाळी ओळीने म्हणायचे, कै तोरिसु. माझी नखं निळी. प्रार्थना संपेपर्यंत मी दाराबाहेर. हात मळलेले नाहीत, रंगलेले आहेत, हे मेष्ट्रुंना सांगायला कुणी गेलं नाही. आई मात्र चिंच आणि राख घेऊन बसायची आणि नखांच्या मुळातून रक्त येईतो घासायची. ती माझ्यावर चिडलेली नसे. घाबरलेली असे. त्या खोलीत, मनगट रॅकला बांधलेलं असताना, मला कळलं की मी अजून त्याच दारापाशी उभा आहे, आणि या वेळी तिथे मला माझ्याच पायांनी आणलं आहे.

"आता सगळ्यांसमोर बोल," कार्यदर्शी म्हणाले. "नंदे तप्पु अंत हेळु." माझीच चूक झाली, असं म्हण.

त्यांनी माझ्या मालकाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मालक म्हणाला, "सणाचा दिवस आहे. हो म्हण आणि निघ. हे काम हातचं गेलं तर मी तुला ठेवू शकणार नाही."

सरळ हिशेब होता. हो म्हटलं तर नोकरी राहणार, पण कापऱ्या हाताचा माणूस म्हणून. मग उघड्या यंत्राजवळ मला कोण जाऊ देणार? नाही म्हटलं तर नोकरीच नाही.

सुधाबाई माझ्याजवळ आल्या. त्यांच्या घरीही मराठीच. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते, हे त्या दर दोन वाक्यांत एकदा सांगत. हळूच म्हणाल्या, "काका, बिडी हो. सोडून द्या की. सणाच्या दिवशी जगळा-भांडण कशाला? मुंडी हलवा नि चला."

त्यांनी सगळं पाहिलं होतं. आणि हे वाक्य माझ्या आईच्या भाषेत आलं होतं.

मी मनगटाचा पट्टा सोडला. सॉकेटवर टोपी परत बसवली. मग कार्यदर्शींकडे तोंड केलं.

"बेरळु निम्मदु, सर." बोट तुमचं होतं.

"एनु?"

"बोट तुमचं होतं. मी नको म्हटलं होतं. हे सगळे इथेच उभे होते."

आवाज चढवला नाही. मला तो चढवता येत नाही. फोनमधून मालक माझं नाव घेऊन ओरडत होता. मी सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं. विभागप्रमुख, कारकून, पुजारी, सुधाबाई. एकानेही होकार दिला नाही. एकानेही नाकारलं नाही. हत्यारं पिशवीत भरली आणि निघालो.

कार्यदर्शी मागून म्हणाले, "प्रसाद तरी घेऊन जा, बण्णगारा." पुन्हा हसू. मी वळलो नाही.

नोकरी त्याच आठवड्यात गेली. फोटो त्याच्या आधीच सगळ्यांच्या मोबाईलवर पोहोचला होता. त्यात मी आहे, पट्ट्याने बांधलेला, लाल तळहात पुढे केलेला, आणि हसतो आहे. तो फोटो पाहून माझ्या ओळखीच्या माणसांनी मला दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या.

त्या दिवशी घरी बायकोने तळहात पाहिला आणि काही न विचारता चिंच भिजत घातली. मी म्हटलं, नको. साबणाने धुतला. आजोबांच्या हातावरचा रंग त्यांच्या कामाचा होता. हा कामाचा नव्हता, आणि याच्यासाठी मी कातडी घासणार नव्हतो.

आता मी एकटा काम करतो. लहान छापखाने, दवाखाने. मोठ्या संस्था मला बोलावत नाहीत. यंदा त्या कॉलेजच्या नव्या व्यवस्थापकाचा फोन आला. "झालं गेलं सरांनी विसरून टाकलंय. एकदा येऊन जा."

मी म्हटलं, "बोट कुणाचं होतं, ते त्यांनी त्याच माणसांसमोर सांगावं. मग येतो."

"ते कसं शक्य आहे?"

"मग माझं येणंही शक्य नाही."

पट्टा मी आजही बांधतो, कारण यंत्राला तो लागतो. पण तो मनगटाला असताना माझ्याशी कुणी चेष्टेने बोललं, तर आधी पट्टा सुटतो, मग काम थांबतं. पिनांवरची टोपी मी कुणाच्या सांगण्यावरून काढत नाही. मालक असो, पुजारी असो. आणि पुन्हा कुणी म्हणालं, कै तोरिसु, तर माझे हात खालीच राहतील.

आणि मी हसणार नाही.