व्हिस्टाला नमस्कार
झेंडूला मागाच्या तेलाचा वास लागला की मला आक्काचा विंडोज व्हिस्टावाला कॉम्प्युटर आठवतो. त्या खंडेनवमीला वडगावात तिच्या घरचे माग बंद होते, आणि मागांबरोबर कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लागलं होतं, कारण साडीच्या काठाची नक्षी ती त्याच्यावरच काढायची. मी मात्र तो व्हिस्टा काढून त्याजागी जुनं विंडोज घालायला पिशवीत त्याची सीडी घेऊन गेलतो. सगळं जग त्याला शिव्या घालत होतं, मग मी कशाला मागे राहू? "आज हत्याराला हात लावू नको रं," आक्का म्हणाली. पण शहाण्याला कोण सांगणार! तो किती रडतखडत चालतो हे दाखवायला मी तिची नक्षी उघडली, त्यातला मोर पुसला आणि गंमत म्हणून बदक काढलं. "जुन्यावरच साठवू का?" असं व्हिस्टानं विचारलं. "बघ, ऊठसूट विचारतंय!" म्हणत मी 'हो' दाबलं. मोर गेला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला तीच साडी विणायला घ्यायची होती. "आता गिऱ्हाइकाला बदक नेसवू व्हय?" आक्का ओरडली. घाम पुसत मी फाईलची सगळी बटणं चाचपली, तर एका कोपऱ्यात जुन्या प्रती निघाल्या. व्हिस्टानं कुणाला न सांगता कालचा मोर जपून ठेवला होता! तो पिसाऱ्यासकट परत आला. "नमस्कार कर त्येला," आक्का म्हणाली आणि माझ्या सीडीवर तिनं चहाचा कप ठेवला. आता तो कॉम्प्युटर माळ्यावर असतो, पण दर खंडेनवमीला आक्का त्याला खाली काढते आणि मला बोलावते. मी मुकाट्यानं हात जोडतो. "मनापासनं का?" ती विचारते. "हो," मी म्हणतो, या वेळी नीट विचार करून.