सरकीचा माणूस

नागपूरचं मानकापूर मागे पडलं, तरी कोराडी बरीच लांब होती. नवरात्रात देवीला अनवाणी जायचा माझा नेम. १९७६ साली माझे सासरे, शालिकराम मामाजी, पहिल्यांदाच सोबत आले. टपरीवर मी दुधाचा चहा पुढे केला.

"मले काळाच सांग वं, गोपिका."

"काहून? देवीनं दूध सोडायला सांगितलं?"

"देवीनं नाई. गाईनं."

मग चालता चालता त्यांनी सांगितलं.

मामाजी शिंपी. सोनेगावकडच्या एका कारखान्यात छोट्या विमानांच्या गाद्या आणि पट्टे शिवत. विमान आपटलं तर आतला माणूस वाचेल का, हे पाहायला ते ताडपत्रीचा माणूस शिवून त्यात पाऊणशे किलो कापसाची सरकी भरत. त्याला खुर्चीत बांधायचं, विमानाचा सांगाडा साखळीनं उंच ओढायचा आणि सोडून द्यायचा. आधी मामाजी त्याला कुंकू लावत. कामगार हसत, "जावई हाय का गा तुझा?"

एका विमानाच्या वेळी पट्टा टिकला, पण खुर्चीच बुडापासून उखडली. साहेब म्हणाले, "पावसात सरकी ओली झाली, वजन वाढलं. पंधरा किलो काढ."

सरकी पाणी पिते, हे मामाजींना ठाऊक होतं. मुठीत आली ती मात्र कोरडी होती. तरी काढली. दुसऱ्यांदा खुर्ची टिकली, विमान पास झालं. काढलेली सरकी मामाजींनी घरच्या गाईला घातली आणि तिचं दूध प्यायले.

वर्षभरानं, १९७३ साली, ते विमान कळमेश्वरजवळच्या शेतात पडलं. कन्हानचा कृष्णकांत ते चालवत होता. खुर्चीसकट बाहेर फेकला गेला आणि गेला. चौकशीत लिहिलं, त्यानं पट्टा बांधलाच नव्हता. तुकडे कारखान्यात आले तेव्हा मामाजींनी आपली शिलाई ओळखली. प्रेत सोडवायला गावकऱ्यांनी पट्टा विळ्यानं कापला होता. पट्ट्याचा आकडा मात्र लागलेलाच होता.

"आणि तुम्ही तीन वर्षं गप्प?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"नोकरी होती वं. आता रिटायर झालो, तं शूर झालो." ते हसले, पण मला ते हसणं बघवलं नाही. "त्याच्या मायले, तुळसाबाईले, लोक म्हणतात, तुझा पोरगाच बेफिकीर होता. मायही तसंच समजून राहिली."

देवळाचा कळस दिसू लागला. मामाजी थांबले.

"दोनदा कन्हानले गेलो. दोन्ही खेपेले दारातून पाणी पिऊन परत आलो. उद्या तू सोबत चाल. माझी जीभ अडली, तं तू सांग तिले. तुमच्या पोरानं पट्टा बांधला होता म्हण. अन् सरकी ह्यानं काढली म्हण, माझ्याकडं बोट करून."