कुंकू लावलेली डिस्क आणि सोमलीबाईचा ढावलो

मी हार्ड डिस्कची पूजा केली होती. लपवून उपयोग नाही, आमच्या अर्ध्या नेर गावाला ते ठाऊक आहे. तेव्हा मी नुकतीच साठी उलटलेली, म्हणजे वयच अल्लड. खंडेनवमीला विळी, शिलाई मशीन, आमच्या ह्यांची स्कूटर यांच्या रांगेत मी गावोगाव फिरून केलेल्या शूटिंगची डिस्कही पाटावर मांडली. ओलं कुंकू लावलं, फुलानं पाणी शिंपडलं. हे म्हणाले, "अवं, तिच्या भोकात कुंकू गेलं!" मी म्हटलं, "देवाचं आहे, काही होत नाही."

झालं. डिस्क दोन दिवस घरघरली आणि कायमची गप्प बसली. तिच्यात दिग्रसपलीकडच्या तांड्यातल्या सोमलीबाईचा ढावलो होता (नवरी सासरी निघताना बंजारा बायका गळ्यात पडून म्हणतात ते गाणं). थोरल्या नातीच्या लग्नात तिनं तो म्हटला होता. दुसरी प्रत? ती असते हेच त्या अल्लड बाईला माहीत नव्हतं.

या फाल्गुनात सोमलीबाईचा फोन आला. "धाकलीचं लगन हाय. माह्या घरची शेवटची पोरगी. तांड्यातल्या पोरीइले ढावलो येत नाही, अन् माहा गळा बसून राह्यला. तू ये. पन या खेपेले गानं माह्या हातात देऊन मंगच जाय."

माझा जुना लॅपटॉप सुरू होईपर्यंत वरण शिजायचं. म्हणून आधी यवतमाळ गाठायचं ठरवलं.

एसटीच्या खिडकीतून पळस पेटलेले दिसत होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुठं चालल्या?"

"लॅपटॉप घ्यायले."

"नातवाले?"

"नाही, मले."

मी घोडा घ्यायला निघाले असं सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली.

यवतमाळच्या दुकानात मालकांची मुलगी रुखसार गल्ल्यावर होती. तिनं चकचकीत लॅपटॉप पुढं सरकवला. "आजी, ये देखो, एकदम पातळ."

"पातळ मी नेसून आले. काम किती करतो ते सांग."

मी पेन ड्राइव्ह काढला. त्यात माझाच पापडांचा व्हिडिओ होता. लॅपटॉपवर तो लोण्यासारखा कापता येत होता. मग मी म्हटलं, "आता चार्जरची वायर काढ." काढली मात्र, पापड लाटणारा हात उचक्या देऊ लागला.

"आजी, वायर लावूनच काम करायचं ना."

"अन् तांड्यात लाइन गेली तर वायर कोनाच्या कानात खुपसू?"

रुखसार खो खो हसली. लॅपटॉप मी दाराशी उन्हात नेला. पडद्यावर पापड दिसेना, माझंच तोंड दिसत होतं. तेवढ्यासाठी घरी आरसा आहे.

मग तिनं मागून एक जाडजूड, काळा गडी काढला. वायर काढली तरी तो अडखळला नाही. पडदा उन्हातही वाचता येत होता, कॅमेऱ्याचं कार्ड थेट आत जात होतं आणि मेमरी सोळा जीबी होती. दिसायला म्हशीसारखा, पण दूध देणारा. तोच घेतला.

साठवणीसाठी दोन एसएसडी घेतल्या, काडेपेटीएवढ्या डब्या. यांच्यात फिरणारं काही नसतं, म्हणून एसटीचे धक्के सोसतात.

"दोन कायको?" रुखसारनं विचारलं.

"लोणचं एकाच बरणीत ठेवतेस का? बुरशी लागली की वर्षाचं गेलं."

कुंकवाची गोष्ट ऐकल्यावर तिनं डब्या हातात देताना हळूच विचारलं, "आजी, इनको भी टीका लगाओगे?"

"दुरून हात जोडीन गं बाई."

दारव्हा, दिग्रस आणि पुढं काळीपिवळीनं तांडा. सागाची पानं झडलेली, टेकड्या उघड्या. सोमलीबाईनं बाटी (ज्वारीची भाकर), तिखट डाळ आणि तूप पुढं ठेवलं. मी जेवत असताना ती लॅपटॉपकडे पाहत होती. "हा तरी धड हाय का?"

"धड आहे, याडी (आई)."

दुसऱ्या दिवशी नवरी निघाली. सोमलीबाईनं तिच्या गळ्यात हात टाकले आणि फाटक्या आवाजात ढावलो उचलला. कांचळीवरचे (चोळीवरचे) आरसे हलत होते. मधेच आवाज तुटला, नवरीनं दोन ओळी पेलल्या, आजीनं पुन्हा धरला. माझे डोळे भरले, पण कॅमेरा हलू दिला नाही.

जीप दिसेनाशी होताच मी लिंबाखाली बसले. कार्डातून लॅपटॉपमध्ये, तिथून एका डबीत, मग दुसऱ्या डबीत. कार्ड पुसलं नाही. दुसरी डबी कमरेच्या बटव्यात खोचली, पहिली बाजेवर ठेवली.

तेवढ्यात उरलेल्या हळदीच्या पाण्याची परात घेऊन सोमलीबाईच्या एक जाऊबाई आल्या आणि माझ्या पिशवीच्या पट्ट्यात अडखळल्या. परात बाजेवर! पहिली डबी नवरीपेक्षा पिवळी झाली.

सोमलीबाईनं कपाळावर हात मारला. "गेलं! पुन्हा गेलं!"

पूर्वीच्या अल्लड बाईनं ती डबी पदरानं पुसून लगेच लॅपटॉपला लावली असती आणि लॅपटॉपही घालवला असता. मी डबी बाजूला ठेवली आणि बटव्यातून दुसरी काढून सोमलीबाईच्या नाकासमोर नाचवली. "हे काय, याडी? अन् मशीनमधी बी हाय, कार्डात बी हाय. अजून एक परात आणा पायजे तर!"

मग कापाकापी केली. मोठ्या व्हिडिओच्या हलक्या प्रती बनवून त्यांच्यावर कात्री चालवली, म्हणजे लॅपटॉप दमत नाही. मधे लाइन गेली, मांडवातले पंखे थांबले, माझी काळी म्हैस चालतच राहिली.

उन्हं कलली तेव्हा सगळ्या पडद्याभोवती बसल्या. लाइन अजून आलीच नव्हती. सोमलीबाई स्वतःचा आवाज ऐकत होती, हलत नव्हती. तिच्या मागं बसलेल्या पोरी आधी ओठ हलवत होत्या. आवाज जिथं तुटला, तिथं त्यांनी तो उचलला. मी नाक पुसून घेतलं.

निघताना टीव्हीत लावता येईल असा पेन ड्राइव्ह मी तिच्या तळहातावर ठेवला. तिनं मूठ मिटली.

नेरला आल्यावर बटव्यातली डबी लेकीच्या कपाटात ठेवायला दिली. बरणी दुसऱ्या घरी गेली. आता आमच्या घराला, लॅपटॉपला किंवा माझ्या डोक्याला काहीही होवो, ढावलो राहील. त्या अल्लड बाईचा राग येत नाही. तिनं चूक मनापासून केली, म्हणून मी या खेपेला शहाणपणा मनापासून केला.

सोमलीबाईला फोन करून विचारलं, पेन ड्राइव्ह नीट ठेवला ना, देव्हाऱ्यात का?

ती म्हणाली, "कायले देवापाशी ठेवू? ज्वारीच्या कोठीत ठेवला. देवापाशी ठेवला अन् तू आली, तं तू पूजा करशीन."