बोंबलाच्या मांडवाला वळसा

परदेशातली मोटारशर्यतींची एक मालिका पहिल्यांदाच भारतात येणार होती, आणि तीही आमच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या ओल्या वाळूत! आयोजकांनी गावाकडे एकच मागितलं: बोंबील वाळवायचे मांडव काढा. आईचा मांडव त्यांच्या वाटेत येत होता. ऐन हंगामात तो उतरवायचा म्हणजे वर्षभराच्या सुक्या मासळीवर पाणी सोडायचं.

आमच्या घरात अन्यायाला पहिलं उत्तर पत्रक. बाबांनी जन्मभर मच्छीमारांची पत्रकं काढली; मी अक्षरं शिकले ती त्यांवरच. रागारागात मीच लिहिलं, ‘शर्यत येऊ द्या, पण मांडवाला वळसा घालून!’ दारोदार वाटलं. बायका आयोजकांच्या तंबूपुढे ठाण मांडून बसल्या. शेवटी आयोजकांनी शर्यतीच्या नकाशात मांडवापाशी वळण काढलं.

खरं तर त्या गाड्या बघायला गावात सगळ्यात उतावीळ मीच होते.

शर्यतीच्या सकाळी आईने, नव्या होडीपुढे फोडतात तसा, वळणावर दगड ठेवून नारळ फोडला. करवंटीचे तुकडे वाळूत उडाले. शर्यतीला झेंडा दाखवणारा परदेशी साहेब हात हलवत धावत आला. टायर फाटले तर? सुरू व्हायची शर्यत खोळंबली, आणि भरतीचं पाणी तर चढायला लागलेलं! आम्ही सगळ्या ओणव्या होऊन तुकडे वेचू लागलो. साहेबही गुडघ्यांवर.

“खोबरं खा रं बाबा, घाबरू नको,” आई त्याला म्हणाली. भाषा कळली नसेल, पण त्याने खाल्लं.

मग गाड्या सुटल्या. आवाज आधी पायांखालून आला, मग छातीत घुसला. पुढची गाडी वळणावर आली आणि तिचा मागचा भाग घसरत सरळ मांडवाकडे! आईने बांबू दोन्ही हातांनी धरला, जणू गाडी तीच अडवणार. चालकाने चाक उलटं फिरवलं, गाडी सावरली आणि वाळूचा फवारा उडवत निघून गेली.

“पळ! पळ! मागची आली बघ!” मी त्या गाडीमागे घसा फोडून ओरडत होते.

“काय गो, पत्रकात ह्ये नव्हतं लिवलंस!” शेजारची मावशी म्हणाली. सगळ्या खिदळल्या.

आई हसली नाही. शेवटची गाडी गेल्यावर तिने वळणाकडच्या टोकाचा एक बोंबील ओढून काढला आणि न झटकता दातांखाली धरला. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती बराच वेळ चावत होती.

“वाळू कचकचत नाय,” ती म्हणाली. “येऊ दे त्यांना पुढल्या वर्षी. पण वळसा घालूनच.”