लेकीच्या घरचं पाणी

माझे वडील समुद्राला घाबरतात. माणूस घाटावरचा. तरुणपणी उल्हासनगरला आला, कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर झाला आणि पुढे आयुष्यभर पाणी पाहिलं ते बादलीतलं. आम्हाला चौपाटीवर न्यायचे तेव्हाही चपला हातात धरून कोरड्या वाळूत उभे राहायचे आणि आमचे घोटे भिजले की "बास, मागे या" म्हणून हाका मारायचे. हाच माणूस आता रोज संध्याकाळी चहा झाला की हेडफोन लावून समुद्राच्या तळाशी घर बांधायला जातो. हे मी कोणाला सांगितलं की तो आधी माझ्याकडेच संशयाने बघतो.

खूळ माझंच. आई गेल्यावर पप्पांचा फोन म्हणजे दोन वाक्यं झाला होता. जेवलो, आणि ठेवतो. मी बदलापूरला, सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगमध्ये, भाऊ बंगळुरूला. भाऊ जाताना आपला गेमिंगचा कॉम्प्युटर पप्पांकडे टाकून गेला होता आणि पप्पा त्यावर कव्हर घालून रोज फडकं मारत. आमच्याकडे नवऱ्याने कॉम्प्युटरवर खेळायचा पाण्याखालचा एक गेम घेतला होता. मी सहज एका रविवारी कॅम्प पाचला जाऊन तो त्या कॉम्प्युटरवर टाकला. दोघं आपापल्या घरी बसून एकाच समुद्रात उतरू शकतात, हे कळल्यावर पप्पांनी पहिला प्रश्न विचारला, "बिल किती येतं?" येत नाही म्हटल्यावर उतरले.

गेम सोपा आहे. तुमचं यान एका अनोळखी ग्रहावर पडलंय, जिकडे तिकडे समुद्र. पोहायचं, धातू गोळा करायचे, मासे पकडायचे, प्यायचं पाणी बनवायचं, घर बांधायचं. पडद्याच्या कोपऱ्यात श्वास, भूक आणि तहान किती उरली ते दिसतं. मेलात तर आपल्याच घरात पुन्हा उठता, फक्त खिशातलं सामान जातं. पप्पा पहिले काही दिवस डुबकी मारली की खुर्चीत बसून स्वतःचाच श्वास रोखायचे. हेडफोनमध्ये एकदम सामसूम व्हायची. मला सांगावं लागायचं, "पप्पा, श्वास घ्या. तुम्ही घरात आहात."

खोल पाण्यात एक अजस्र प्राणी फिरतो. तो दिसायच्या आधी त्याची डरकाळी ऐकू येते. पप्पांनी त्याचं नाव शेठ ठेवलं. त्यांचे सिंधी शेठ म्हणे असेच आधी जिन्यातून ऐकू यायचे आणि मग दिसायचे. डरकाळी आली की पप्पा खडकामागे दडून कुजबुजणार, "आले साईं. मान खाली घाल, काम करतोय असं दाखव."

घर त्यांनी बांधलं ते अगदी उथळ पाण्यात, जिथे वर बघितलं की ऊन दिसतं. एका खोलीला दुसरी चिकटवली, दुसरीला तिसरी, मधून एक बोळ. खाली समुद्रतळ मोकळा पडलाय, पण यांच्या दोन खोल्यांमध्ये हात जाणार नाही. मी म्हटलं, पप्पा, तुम्ही समुद्रात कॅम्प पाच बांधलात. तर म्हणाले, "सोय बघायची असते." खिडक्या जास्त बसवल्या की भिंतींना तडे जाऊन घरात पाणी शिरतं. त्याला ते स्लॅब गळतोय म्हणायचे आणि वरच्या मजल्यावरच्यांना दोष द्यायचे. वर कोणी नव्हतं, मासे होते.

माझं घर मात्र खोलात, दरीच्या काठावर, मोठ्या काचेचं. मध्ये मोठा हॉल, त्यात माशांसाठी एक टाकी. पप्पा बघायला यायचे, सगळीकडे फिरायचे, जोड नीट बसलेत का बघायचे. एकदा ते हॉलमध्ये उभे होते आणि म्हणाले, तहान लाल झाली बघ. मी म्हटलं, कपाटात बाटल्या भरल्यात, घ्या.

"असू दे गं. घरी जाऊन पितो."

मला वाटलं कपाट उघडता येत नाहीये. कुठलं बटण ते सांगितलं. "माहितीय," म्हणाले आणि निघाले. त्यांचं घर लांब. अर्ध्या वाटेत त्यांचं पोहणं मंदावलं आणि मग शांतपणे आवाज आला, "मेलो वाटतं."

मी पोट धरून हसले. नवऱ्याला बोलावून सांगितलं, तोही हसला. मग भाजी चिरताना लक्षात आलं आणि हसू गेलं.

आमच्याकडे जुनी रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी बापाने घ्यायचं नाही. हल्ली कोणी पाळत नाही. पप्पाही पाळतो असं कधी म्हणाले नाहीत. पण सोनिवलीला यायचे ते पिशवीत स्वतःची बाटली घेऊन. बदलापूरचं पाणी सोसत नाही म्हणे. जेवायच्या वेळेआधी बरोबर काहीतरी काम निघायचं. मी आणि नवऱ्याने खूप वर्षं डॉक्टर केले, आणि मूल होणार नाही हे मान्य करूनही आता बराच काळ झाला. पप्पांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांचं ते न बोलणं मला नातेवाइकांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. आणि आता तर खोट्या समुद्रातही खोट्या घरातलं खोटं पाणी चालेना.

तरी मी गप्प बसले असते. पण त्यानंतर पप्पांना शेठ दिसेनासे झाले. डरकाळी ऐकून विचारायचे, "कुठे आहेत?" आणि थेट त्यांच्या तोंडात पोहत जायचे. भिंतींवर आपटायचे, स्वतःच्या घराचं दार शोधायचे. मी ओढून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्हीकडे मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला तर ऑपरेशन अवघड होईल, आणि ऑपरेशननंतर काही आठवडे धूळ अजिबात नको. पप्पांच्या घराच्या खाली जीन्सचं काम चालतं. दिवसभर कापडाचा निळा कोंडा वर उडतो, खिडकीच्या गजांवर बोट फिरवलं तर बोट निळं होतं. म्हणजे त्यांनी माझ्याकडे येऊन राहायला हवं, दुसरा मार्गच नाही.

"पिकू दे अजून," पप्पा म्हणाले. मग म्हणाले, थंडीत बघू. मग म्हणाले, गावाकडे चुलतभावाकडे जातो. गावाकडे काय कमी धूळ आहे?

एका संध्याकाळी खेळताना माझं डोकं सरकलं. म्हटलं, "पप्पा, नातवंड झाल्याशिवाय माझ्याकडे राहायचं नाही, एवढंच आहे ना? मग सरळ सांगा. ते होणार नाही, तुम्हाला माहितीय. डोळे जाईपर्यंत वाट बघणार आहात का?"

हेडफोनमधून त्यांचा पंखा ऐकू येत होता.

"मी कधी म्हटलं का तसं?"

"म्हटलं नाहीत. तहानेने मेलात."

मी गेम बंद केला. मग बरेच दिवस उघडलाच नाही. फोन करायचे, पण जेवलात का, ठेवते, एवढंच. माझाच राग मला सोसत नव्हता, पण माघार कशी घ्यायची तेही कळत नव्हतं.

नवरा मात्र त्यांच्याबरोबर खेळत होता, हे मला नंतर कळलं. मी अंबरनाथला ऑफिसात असताना सासरे-जावयाची जोडी समुद्रात फिरत होती. एका शनिवारी घरी आले तर नवरा म्हणाला, "जरा बस इथे. पप्पा थांबलेत." त्याने हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवले.

मी माझ्या काचेच्या घरात होते. पप्पा हॉलमध्ये टाकीसमोर उभे. टाकीत एक छोटा गोलमटोल मासा कोलांट्या मारत फिरत होता. त्या गेममध्ये अगदी खोल गुहांमध्ये अंडी सापडतात, ती आणून टाकीत ठेवली की काही दिवसांनी त्यातून पिल्लू निघतं. मला ठाऊक होतं, पण मी कधी आणली नव्हती. आणि पप्पा तर माझ्या घराच्या खाली कधी उतरलेच नव्हते.

"खाली गेला होतात?"

"जावई पुढे होता, दिवा धरून. मी त्याच्या मागे. शेठनी दोनदा खाल्लं मला," पप्पा म्हणाले. "पण अंडं आणलं. तुझ्या घरात ठेवलं. काल तुझ्या घरात जन्मलं."

एक क्षण फार लागलं, खोटं कशाला सांगू. माझं दुःख आणि त्याच्यासमोर हे पडद्यावरचं पोर. मग ऐकू आलं की पप्पांचा श्वास मध्येच अडकतोय. ते पाण्याखाली नव्हते, हॉलमध्ये भरपूर हवा होती. ते घाबरले होते, मी काय म्हणेन म्हणून.

"पप्पा, तो मासा आहे."

"नातवंड आहे. रीतीत माणसाचंच पाहिजे असं मला कोणी सांगितलेलं नाही. आणि तू बघ तरी नीट. जावयावर गेलंय. पोट बघ."

मागून नवरा म्हणाला, "ऐकू येतंय मला." मी रडत होते आणि हसतही होते, नाक पुसायला ओढणीही सापडेना. पप्पा वळले, कपाटापाशी गेले, पहिल्याच झटक्यात बरोबर बटण दाबलं आणि माझी एक बाटली प्यायले.

"डॉक्टरला फोन कर," म्हणाले. "लवकरची तारीख मिळते का बघ."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नवरा त्यांना घेऊन आला. पप्पांच्या एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्यात स्टीलचा डबा. डब्यात घुगऱ्या. बारशाला वाटतात तसे उकडलेले हरभरे, स्वतः शिजवलेले आणि खारट. बिल्डिंगच्या वॉचमनला ते आधीच वाटून आले होते. कसलं बारसं, ते मात्र वॉचमनला सांगितलं नव्हतं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, एका दमात संपवला आणि मिशी पुसली. मग सोफ्यावर मांडी घालून बसले, स्वयंपाकघराकडे बघितलं आणि या घरात कधीच न विचारलेलं विचारलं, "जेवायला काय केलंयस?"